शंभर मीटर

टेपचं एक टोक दवाखान्याच्या फाटकाला,
दुसरं घेऊन मी चालत निघालो,
सेक्टर संपतो तिथवर, पेव्हर ब्लॉक संपतात तिथवर,
मग घणसोली गावठाणाच्या गल्लीत, जिथे उभी स्कूटर
भिंतीशी दोस्ती करूनच उभी राहते.
नव्वद. पंच्याण्णव. टेप ताणली,
वाळत घातलेली सुकट ओलांडली,
आणि शंभरावा मीटर पडला
चांगुणाबाई वैतींच्या ओटीवर.
ओटीच्या बरोब्बर मधोमध.

म्हणजे कायद्याने बघितलं तर
पायरीपासून झोपाळ्यापर्यंत शांतता क्षेत्र,
झोपाळ्यापासून चुलीपर्यंत निवासी.
रात्री दहानंतर
झोपाळा पुढे आला की चाळीस डेसिबल,
मागे गेला की पंचेचाळीस.

हे मी वहीत लिहिलं. टेप धरणारा दिगंबर हसला.
मी नाही हसलो. नोकरीला तिसरा महिना,
मला वाटायचं रेष आखली की काहीतरी होतं.

"काय मोजतंस रं पोरा, जमीन?"
इथे टेप दिसली की आधी जमीनच आठवते,
एकदा मोजून नेलेली आहे.
म्हटलं, "नाही आजी. आवाज."
ती आत जाऊन सुनेला सांगून आली,
"जमीन नाय गो. आता आवाज नेतान."

पाटी लागली. पाटीवर निळ्या अक्षरांत शांतता,
खाली महापालिकेचं नाव,
त्याखाली आठवड्याभरात क्लासची जाहिरात.

मे महिन्यात तिच्याच नातवाची हळद.
तक्रार आली दहा वाजून सात मिनिटांनी,
दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावरून,
आठव्या महिन्यात आलेल्या बाळाच्या बापाची.
आमच्या कंट्रोल रूमने सांगितलं, पोलिसांना लावा.
ठाण्याने सांगितलं, मीटर महापालिकेकडे असतो.
मीटर माझ्याकडे होता,
अधिकार नव्हता.
हवालदार शेडग्यांकडे अधिकार होता,
मीटर कुठून चालू करायचा ते ठाऊक नव्हतं.
दोघे मिळून एक सरकार झालो
आणि मांडवात शिरलो.

अठ्ठ्याण्णव.
स्पीकरच्या भिंतीसमोर नवरदेव पिवळाधमक,
त्याचा मामा शेडग्यांच्या कानात काही ओरडला,
शेडगे माझ्या कानात ओरडले,
कुणाला काहीच ऐकू आलं नाही,
तरी सगळ्यांना कळलं.
वायर निघाली.

मग जे उरलं ते मी मोजलं, नियम म्हणून.
एकसष्ट.
ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे कंटेनर, नुसते जाताना.
त्यांची तक्रार कुणाकडे करायची
हे आमच्या परिपत्रकात नाही.

पोरं रागाने खुर्च्या ओढत होती.
तेवढ्यात ओटीवरून आवाज आला,
चिरका, तुटका, पाठीत वाकलेला.
चांगुणाबाई, गुडघे धरत नाहीत म्हणून झोपाळ्यावर बसून
धवला म्हणू लागली.
सुपारी, तांदूळ, गावदेवी, नवऱ्याचं नाव,
मागून आणखी दोन म्हाताऱ्या, एकीला दातच नाहीत.
तीस लग्नं तिने उरकलीत, शेजारचा कुणीतरी म्हणाला,
डीजे आल्यापासून कुणी बोलावत नव्हतं.

शेडगे म्हणाले, "हेही लिहायचं?"
मीटर चौसष्ट दाखवत होता.
त्यातले कंटेनर किती, म्हातारी किती,
ते वेगळं काढणारं यंत्र खात्याने घेतलेलं नाही.
मी चौसष्ट लिहिलं. आकडा लपवत नाही मी.
ध्वनीचा स्रोत या रकान्यात लिहिलं: धवला.

फाईल परत आली.
साहेबांची हिरवी शाई:
"धवला हे कोणत्या कंपनीचे उपकरण?
मर्यादाभंग कोणत्या क्षेत्रात झाला?
सात दिवसांत खुलासा करावा."

आज सहावा दिवस.
पहिल्याचं उत्तर मला देता येईल.
दुसऱ्याचं नाही.
ती गात होती तेव्हा झोपाळा
पुढे होता की मागे,
मी बघितलंच नाही.